काकांची मासे मारायची जागा

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर न्हाई, म्हणून लिहून राह्यलो.

आज बदनापूरहून गावाकडं गेल्तो. माझ्या काकांची नजर गेल्या पावसाळ्यात पूर्ण गेली. "एकदा मला दुधना नदीच्या काठावर ने," असा त्यांचा हट्ट. भाला पण सोबत घ्यायला लावला. काठावरून भाल्यानं मासा मारायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांचं सांगणं एकच, जागा धरायची तर झाडाखालची धर. उन्हात उभं राह्यलं की आपली सावली पाण्यावर पडते आन् मासा पळतो. त्यांची स्वतःची जागा ठरलेली, डोहाकाठची जुनी बाभळ.

तिथं गेलो तर बाभळ कोणी तरी तोडून नेल्ती. नुसतं बुड राह्यलेलं. काकांना सांगायला माझं तोंडच उघडंना. त्यांना बराबर त्याच जागी नेऊन उभं केलं.

"मरळ दिसती का रे?"

"दिसती काका, बिलकुल जवळ." साफ खोटं बोललो.

"मंग मार की."

मी रिकाम्या पाण्यात भाला मारला.

"हुकली?"

"हुकली."

काकांनी हात वर करून चाचपडलं, जिथं फांदी असायची तिथं. मंग हळूच म्हणले, "हुकणारच पोरा. पाठीवर ऊन लागून राह्यलंय."

म्हणजे उभं केल्या केल्याच त्यांना कळलं असणार. तरी माझं मन राखायला 'मार की' म्हणले.

तुम्ही असता तर काय बोलला असता?