ग्लासगो मोठं की बर्मिंगहॅम?

मुंबईहून विमान सुटलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "दुबईला फिरायला का?"

"मुलीचं लग्न ठरवायला," मी म्हटलं.

त्यांनी कौतुकानं खिडकीशी बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे डोळे मिटून बर्मिंगहॅमची लोकसंख्या पाठ करत होते.

आमची सायली बर्मिंगहॅमला एका इस्पितळात फार्मासिस्ट आहे. मुलगा, निखिल चिटणीस, ग्लासगोला कंप्युटरच्या कंपनीत. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी: लग्नानंतर कुणी कुणाच्या गावी जायचं? विलायतेचा व्हिसा काढण्यात महिने गेले असते, म्हणून दुबईतला माझा धाकटा भाऊ श्रीकांत म्हणाला, "ताई, सगळे माझ्याकडे या. मुलंही रजा काढून येतील. इथेच ठरवू."

श्रीकांतचा फ्लॅट अल बर्शा भागात. बाहेर भट्टीसारखं ऊन, आत एसी इतका की मी शाल पांघरली. संध्याकाळी चिटणीससाहेब आले. पुण्याचे, बँकेतून निवृत्त, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. ते बर दुबईत पुतण्याकडे उतरले होते. माणूस अतिशय सौजन्याचा. पहिली पुरी संपेपर्यंत.

"सायलीला ग्लासगो आवडेल," ते म्हणाले. "एकेकाळी लंडनच्या खालोखाल मान होता त्याला."

"एकेकाळी," हे म्हणाले. ह्यांची सगळी नोकरी नगररचना खात्यात गेली. शहराची हद्द आणि लोकसंख्या म्हटलं की ह्यांच्या अंगात येतं. "मग कारखाने बंद पडले, माणसं निघून गेली. आज लंडननंतर बर्मिंगहॅमच."

"ग्लासगो पुन्हा वाढतंय, कुलकर्णीसाहेब!"

"पुन्हा वाढतंय म्हणजे मधे घटलं होतं, हे तुम्हाला मान्य आहे."

श्रीकांतची दहा वर्षांची इरा बटाट्याचा रस्सा पुढ्यात ठेवून आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. "पप्पा, आर दे फायटिंग?"

"नो बेटा. लग्न ठरवतायत."

सायली आणि निखिल समोरासमोर बसून खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं, दोघं घाबरलीयत. नीट पाहिलं तर निखिलचे खांदे हसण्यानं हलत होते.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतनं फर्मान काढलं, "यल्ला, आज सगळे बाहेर!" (यल्ला म्हणजे चला, इथे शेजारची मल्याळी बाईसुद्धा पोरांना तसंच हाकते.) इरा शाळेत आणि तिची आई ऑफिसला गेली. रात्री उशीर झाल्यानं मुक्कामालाच राहिलेल्या चिटणीससाहेबांना घेऊन आम्ही मेट्रोनं निघालो. शेख झायेद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माना दुखतील अशा इमारती. पण जगातला सर्वांत उंच मनोरा आला, तेव्हा हे आणि चिटणीससाहेब ब्रिटनच्या नकाशावर वाकलेले. श्रीकांत "भाऊजी, बघा, बघा!" म्हणेपर्यंत मनोरा मागे गेला. "परतताना बघू," हे म्हणाले आणि लीड्स नावाच्या तिसऱ्याच शहराची हद्द किती ऐसपैस आहे ते सांगू लागले. "आजूबाजूची खेडी घेतली की कुणीही मोठं होईल! आपल्याकडे हद्दवाढ करतात तसंच."

बर दुबईत उतरलो. देवळाच्या गल्लीत मोगऱ्याचे गजरे मिळाले. मीना बाजारातले कापडवाले "आओ बहनजी" करत होते. तिथून खाडीवर आलो, अब्रात (लाकडी होडीत) बसायला. अब्रात बाकं मधोमध, माणसं पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसतात. भांडायला ही बैठक अजिबात सोयीची नाही. तरी दोघं माना वळवून वळवून भांडत होते. मुलं धक्क्यावरच थांबली. "तुम्ही या फिरून," सायली म्हणाली.

ह्यांच्या शेजारी एक वयस्क इंग्रज जोडपं होतं. चिटणीससाहेबांनी त्यांनाच पंच केलं. "एक्स्क्यूज मी सर. लंडननंतर तुमचं मोठं शहर कुठलं?"

गृहस्थ विचारात पडले. "हद्द धरली तर बर्मिंगहॅम. पण खरं दुसरं शहर म्हणाल तर मँचेस्टर."

"काहीतरीच!" त्यांची बायको उसळली. "ह्यांचा जन्म मँचेस्टरचा आहे. मी बर्मिंगहॅमची!"

नवऱ्यानं आजूबाजूची गावं धरायला हवीत म्हणून सांगितलं. बायकोनं ती गावं मँचेस्टरची नव्हेत म्हणून सांगितलं. पलीकडचा देराचा धक्का येईतो दोघांचं बोलणं बंद झालं होतं आणि ती पर्स कुशीत धरून एकटीच उतरून गेली. गृहस्थ आमच्याकडे असं बघून गेले की परतीच्या होडीत आमचे दोघेही गप्प बसले.

मुलं धक्क्याच्या पायरीवर एकाच द्रोणातून लुगेमात (खजुराच्या पाकातले तळलेले गोळे) खात होती.

"बाबा, काका," निखिल उठून म्हणाला, "आमचं ठरलंय. कार्लाइल."

"ते कुठं आलं?" दोघांनी एका सुरात विचारलं.

"तुमचं ग्लासगो आणि तुमचं बर्मिंगहॅम, दोन्हीच्या मधे. सायलीला तिथल्या इस्पितळात नोकरी मिळालीय. माझं काम घरूनही होतं."

ह्यांनी मोबाईल काढला, पाहिलं आणि चिटणीससाहेबांना दाखवला. "अहो, हे सांगलीएवढंही नाही!"

"खेड्यात राहणार?" चिटणीससाहेब कळवळले. दोन दिवसांत पहिल्यांदाच ते एका बाजूला होते.

निखिल हसला, सायली मात्र नाही. "बाबा, बर्मिंगहॅममध्ये दहा-अकरा लाख माणसं आहेत. मी तीन वर्षं रोज रात्री फोन समोर ठेवून जेवते. माझ्या घरची लोकसंख्या एक आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. रोज व्हिडिओ कॉलवर मी तिला भाजी कुठली, एवढंच विचारत आले होते.

मग चिटणीससाहेब पायरीवर बसले. म्हणाले, "माझ्याही घरची तेवढीच आहे, पोरी," आणि द्रोणातला एक गोळा उचलला. ह्यांनी कडक चहा मागवला, सगळ्यांना. मनोरा पाहायचा राहिला तो राहिलाच; परतताना दोघे व्याही कार्लाइलला किल्ला आहे की नाही ते शोधत होते.

नाशिकला घरी आल्यावर सोसायटीत पेढे वाटले. समोरच्या देशपांड्यांनी विचारलं, "कार्लाइल? नाव नाही ऐकलं. मोठं आहे का?"

आता हद्दवाढीपासून सुरुवात होणार.

हे पेढ्याचा डबा बंद करत म्हणाले, "दोघांना पुरेल. आणि मधूनमधून चिटणीस जाऊन राहणार आहेत."