देव कुठं राहतो, हे मी विचारायला नको होतं

आर्णीच्या जिनिंगमध्ये मी अकरा हंगाम कापसातला कचरा वेचला. घरी येऊन कितीही झटका, केसांत रुई राहतेच. तिथल्या गोष्टींचंही तसंच आहे. बाकीच्या बायका आठवून हसतात. मीही हसते, आणि मग माझा मलाच राग येतो.

हमीदाबी आणि शमीम सख्ख्या जावा. एकाच पोत्यावर बसायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. मी चौथी शिकलेली, तोंडानं फटकळ. एकदा जेवताना विचारून बसले, "काहो हमीदाबी, सारं जग अल्लानं बनवलं, तर अल्लाले कोनं बनवलं?"

थोरली हमीदाबी भाकर मोडता मोडता म्हणाली, "त्याले कोनी पैदा नाही केलं. तो पहिलेपासूनच हाय."

"अन् त्याच्या पहिले?"

शमीम म्हणाली, "कलाबाई, हा सवाल शैतान डोक्यात टाकते. तिथंच थांबाचं असते!"

"मंग शैतानले माहा पत्ता कोनं देला वं?"

दोघींना हसता हसता ठसका लागला. पाणी मीच दिलं.

* * *

तिथंच थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तोंड उघडलं. "बरं, राहते कुठं थो?"

"वर, अर्शवर!" शमीम म्हणाली. अर्श म्हणजे सात आसमानांच्या वरचं त्याचं तख्त.

"गळ्याच्या नसेपेक्षा जवळ!" हमीदाबी त्याच दमात म्हणाली.

दोघी एकमेकींकडे पाहतच राहिल्या. इतकी वर्षं एका चुलीवर रांधलं, पण हे कधी निघालंच नव्हतं!

"जागाच त्यानं बनवली," हमीदाबी म्हणाली, "मंग त्याले बसाले जागा कायले लागन?"

"किताबात वर लिहिलं हाय भाभी, म्हून वर. कसा, ते इचारू नाही."

* * *

मशीन सुरू झालं की जिनिंगमध्ये शब्द ऐकू येत नाही, सारं हातानं बोलायचं. तर ह्या दोघी हातानं भांडायला लागल्या! शमीम बोट वर करायची, हमीदाबी गळ्याला हात लावायची. वर, गळा. वर, गळा.

मुकादमानं लांबून पाहिलं. त्याला वाटलं, वर धूर निघाला आणि बाईचा गळा कोंडला! जिनिंगमध्ये आगीएवढी भीती कशाचीच नाही. मशीन बंद, बादल्या घेऊन माणसं धावली.

"कुठं हाय आग?"

"आग नाही जी," मी म्हटलं, "अल्ला कुठं हाय, ते पाहून राह्यल्या."

"मंग जेवाच्या सुट्टीत पाहा नं बाई!"

सारी जिनिंग हसली. त्या दोघी हसल्या नाहीत. ते मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं.

* * *

हमीदाबी गुरुवारी दर्ग्यावरून साखर आणायची. शमीमनं ती घेणं सोडलं. "मागाचं ते सीधं त्याच्यापाशी मागावं. मधात कोनी कायले पायजे?"

"वलींच्या वास्त्यानं आमी त्यालेच मागतो," हमीदाबी म्हणाली. वली म्हणजे दर्ग्यातला संत.

मी शमीमच्या वाटची साखरही तोंडात टाकली. "माहं बरं झालं! दोन वाटे!"

त्या साखरेची आठवण अजून नको वाटते.

* * *

मग डबे दोन झाले. पोती दोन झाली. घरी चुलीही दोन झाल्या. मध्ये मी.

"जाय वं, बस तिच्यापाशी," मी शमीमला म्हटलं.

"तिले मी कायले पायजे? तिचा अल्ला तिच्या गळ्यापाशी हाय नं!"

मी हे हमीदाबीला सांगितलं नाही. शमीमनं मात्र तिला ऐकू जाईल एवढ्या जोरानं म्हटलं होतं, आणि तेव्हा मशीन बंद होतं.

* * *

या हंगामात हमीदाबीला लकवा मारला. वाचा गेली. मी भेटायला गेले, तर शमीम तिच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसलेली. तीन दिवसांपासून तिथंच, म्हणे. मी दंड धरून तिला आत ओढलं.

हमीदाबीनं पाहिलं. चालता हात उचलला, आणि एक बोट वर केलं.

शमीम खाटेवर टेकली. जावेच्या गळ्यावर तिनं हात ठेवला, नस लागते तिथं. ठेवूनच राहिली.

माझं तोंड उघडलेलं तिनं न पाहताच ओळखलं.

"कलाबाई," ती म्हणाली, "आज काही इचारू नको वं."