परसों
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की अंबरपेठेतलं ते मैदान आठवतं. नव्वदीची सुरुवात होती आणि शहरात जागांचे भाव चढू लागले होते. आम्ही वस्तीतले लोक दर रविवारी तिथले दगड वेचायचो, चुन्याने खो-खोच्या पाट्या आखायचो आणि कडेच्या बागेला घरून आणलेलं पाणी घालायचो. एका रविवारी आमच्या आधीच कुणीतरी चुना टाकून गेलेलं दिसलं. त्या रेघा शेवंतीच्या वाफ्यांतून सरळ गेल्या होत्या. कोपऱ्यावरचे चहावाले चाचा म्हणाले, "परसोंच बिक गई ना जमीन. प्लॉटां पड रे." पुण्याहून आलेल्या आमच्या मास्तरांना उलट धीर आला. "परवाच ना? मग अजून थांबवता येईल. उद्याच कचेरीत जाऊ." इथेच जन्मलेल्या एका बाईंनी हातातली झारी खाली ठेवली. "मास्तर, इथलं परसों म्हणजे परवा नव्हे. मागे कधीतरी." मास्तरांनी चाचांकडे पाहिलं. "कब बिकी, चाचा?" "तुम लोगां झाडू लेके आए बी नै थे, तब." "फिर बोले कायकू नै?" "इत्ता साफ कर रे थे आप लोगां, मास्टरसाब. मालिक बी खुश था." बाईंनी उरलेलं पाणी शेवंतीला घातलं आणि आम्ही घरी गेलो. आता तिथे इमारती आहेत. इथे मैदान कधी होतं, असं एखादा नवा भाडेकरू विचारतो. मी सांगतो, परसों.