सकाळची बातमी, दुपारची बातमी

काका काहीही बोलण्याआधी दोन घोट कोमट पाणी प्यायचे. "आमटीत मीठ कमी आहे" एवढंच सांगायचं असलं तरी आधी पाणी, मग घसा साफ, मग मीठ. त्यांनी आयुष्यभर दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या वाचल्या होत्या. तुम्ही त्या वयाचे असाल, तर तुमच्याही स्वयंपाकघरात त्यांचा आवाज येऊन गेला असेल.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. गुडगावात तेव्हा शेतांतून इमारती उगवत होत्या आणि माझा नवरा त्यातल्याच एका इमारतीच्या गेटवर पहाऱ्याला होता. माझी शाळा सातवीत सुटलेली, हिंदी धड येत नव्हती, लिफ्टमध्ये एकटीनं चढायची भीती वाटायची. अख्ख्या सोसायटीत एक मराठी घर सापडलं होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून मी पोळीसुद्धा भीत भीत लाटायचे. काका म्हणायचे, "ताई, पोळीला परीक्षा नसते."

बोलण्याला मात्र असायची. सून म्हणाली, "वीस-पंचवीस लोक होते," की काका विचारणारच, "वीस की पंचवीस?"

घरात काकांच्या आई होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना कुणी जुनं काही विचारलं की म्हणायच्या, "मला नको बाई विचारू. माझं सगळं चुकतं. त्याला विचार." मला वाटायचं, वय झालंय, आणखी काय.

आजी गेल्या. पुढच्या वर्षी काकांच्या नातीला शाळेनं सांगितलं, घरातल्या जुन्या माणसाची एखाद्या मोठ्या घटनेची आठवण लिहून आणा. काकांनी आजींचीच एक निवडली.

आजी ती अशी सांगायच्या. एकाहत्तर साली रशियाचे तीन अंतराळवीर बरेच दिवस वर राहून परत येत होते. गावी आजींनी सकाळी रेडिओ लावला, तर त्यांचा मुलगाच सांगत होता, तिघे परतीच्या वाटेवर आहेत. आजींनी सगळ्या आळीला सांगितलं. दुपारी पुन्हा रेडिओ लावला, तर तोच आवाज. यान खाली उतरलं, दार उघडलं, आणि तिघेही आपापल्या जागेवर बसल्या बसल्या मेलेले. वाटेत यानातली हवा निघून गेली होती, हे नंतर कळलं. "सकाळी आणलंस आणि दुपारी नेलंस रे," आजी काकांना म्हणायच्या. नंतर महिनाभर त्यांनी रेडिओला हात लावला नाही म्हणे.

"आठवण छान आहे, पण चुकीची," काका मला म्हणाले. "सकाळ-दुपार एकच माणूस बातम्या वाचत नसे. पाळ्या वेगळ्या असायच्या. आईला मी कितीदा सांगितलं. चारचौघांत सांगितलं."

नातीकडे चुकीचं जाऊ नये म्हणून त्यांनी शोध सुरू केला. पुण्याहून मेव्हण्याकडून जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स मागवल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसेना. मग मला हात धुऊन खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या घरातल्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले, तीही टोकाला.

"वाचा."

"काका, मला जोडाक्षरं येत नाहीत नीट."

"मग अडखळा. कुणाची गाडी सुटतेय?"

'अंतराळवीर' शब्दाला मी तीनदा पडले. काका हसले नाहीत. झेरॉक्स संपल्यावरही रोज एक पान वाचायला लावायचे. आज हे चार शब्द लिहिते आहे, ते त्या खुर्चीमुळे.

एका दिवसाच्या अंकात तिघे परत निघाले होते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ते गेल्याची बातमी होती. "बातम्या बरोबर," काका म्हणाले. "आवाजात आई चुकली." आणि खात्रीसाठी त्यांनी दिल्लीत मुनिरक्याला राहणाऱ्या रेडिओवरच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. मी कणीक मळत होते. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

"त्या दिवशी दुपारची पाळी माझीच," पलीकडून आवाज आला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, बघा, म्हटलं नव्हतं?

"पण मी आलोच कुठे! बायकोला अचानक ॲडमिट करावं लागलं. तूच थांबलास ना यार. दोन्ही तूच वाचल्यास. मी तुला समोसे नाही का खिलवले? कमाल आहे, विसरलास?"

"अच्छा," काका म्हणाले. "अच्छा, अच्छा." आणि फोन ठेवला.

मी कणकेत हात घालून तशीच उभी.

"ताई, आईला सगळं आठवत होतं हो," ते म्हणाले. "मीच तिला चुकीचं ठरवून ठरवून गप्प केलं."

'त्याला विचार' म्हणणाऱ्या आजी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मोठ्या माणसाची समजूत कशी घालतात, ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी नात पेन घेऊन बसली. काकांनी आजींची आठवण आजींच्याच शब्दांत सांगितली, मध्ये कुठेही न दुरुस्त करता. मग फोनचंही सांगितलं, आणि आईला चारचौघांत चुकीचं ठरवल्याचंही. नात लिहायची थांबली.

"आजोबा, फिर तुम्ही पणजीला सॉरी बोललात?"

"ती होती तोवर मला माहीत नव्हतं ना, बेटा."

"पण पणजीला तर माहीत होतं."

"हो," काका म्हणाले. "तिला माहीत होतं."

मी जेवायची पानं घेतली, हाका मारल्या. सगळे येऊन बसले. काका मात्र आजींच्या खोलीच्या दारात उभे होते. आत आता नातीचा कॉम्प्युटर होता.