खुशालकाकांचं इंजेक्शन

भातकुलीचे खुशालराव म्हणजे माझे काका. दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजण्यात हुशार, पण स्वतःच्या दुखण्याचं नाव काढलं की तोंडाला कुलूप. लघवीची तक्रार लपवत राहिले आणि शेवटी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. अमरावतीला जाऊन शेक घ्यायला काका एका पायावर तयार होते. घोडं अडलं ते इंजेक्शनापाशी.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आधी पुरुषी हार्मोन थांबवायचं इंजेक्शन, मग शेक. दवाखान्यातल्या बाकावर कुण्या शहाण्यानं काकांना त्याचा अर्थ सांगितला: म्हणजे खच्ची करतात. झालं! काका तडक घरी. म्हणाले, नुसते शेक देत असाल तर येतो.

माझं डोकंच फिरलं. मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, शेकानं गाठीच्या पेशी मोडतात, पण पुरुषी हार्मोन मिळत राहिलं तर त्यातल्या काही आपली डागडुजी करून पुन्हा उभ्या राहतात, शेकाला दाद देत नाहीत. हार्मोन तोडलं की ही डागडुजी मंदावते. शिवाय काकांना इंजेक्शन काही महिन्यांपुरतंच होतं. हे सगळं मी काकांना ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी मात्र ते दुर्गाकाकूंजवळ बोलले. "लोक मले खच्ची बैल म्हणतीन. त्यापरीस मेलेलं बरं."

काकू भाकर थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वखराले कोनता बैल जुपता तुमी? खच्चीच ना? अन् मले तुमी जित्ते पायजे."

सकाळी काका स्वतःच चप्पल घालून दवाखान्याकडे निघाले.

इंजेक्शन झालं, शेक झाले. परवा रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, गाठीनं मान टाकली आहे, तपासण्या तेवढ्या चुकवू नका. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर बसतो न बसतो तोच काकांना दरदरून घाम फुटला. इंजेक्शन सुरू झाल्यापासून त्यांच्या अंगातून अशा वाफा निघतात. काकू पदरानं वारा घालू लागल्या. मी शेजारी आहे हे विसरून काकांनी हळूच विचारलं, "पाळी गेली तवा तुले असंच होये काय वं?"

"असंच."

"अन् मी म्हणे, नाटकं करून राहिली."

इतक्या महिन्यांत काकू रडल्या नव्हत्या. तिथं रडल्या.