सुबोधरावांचं ‘आपण’

मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’त समोरचा माणूस नसतो, ‘आपण’मध्ये असतो. शाळेत एवढंच शिकवतात. पण मुलुंड पूर्वेला रेडकरांच्या घरात त्या शब्दाला तिसराच अर्थ होता. तिथे ‘आपण’ म्हणजे अनुपमा.

सुबोध रेडकर, वय पन्नास, विमा कंपनीत साहेब. गेल्या वर्षी ऑफिसात कुणीतरी पर्यावरणावर व्याख्यान झोडलं आणि हे गृहस्थ घरी आले ते पृथ्वी वाचवायचा विडा उचलूनच. विडा ह्यांनी उचलला आणि चुना बायकोला लागला.

“अगं, आपण उद्यापासून साबणाची पावडर बंद करूया. रिठे वापरूया.”

“आपण भाजी धुतलेलं पाणी साठवून संडासात टाकूया.”

“आपण ओला कचरा गॅलरीतच जिरवूया.”

अनुपमा भांडुपच्या एका शाळेत क्लार्क होती. आठला घर सोडायचं, म्हणून ती पाचला उठून रिठे कुस्करायची, गाळायची, बादल्या उचलायची, सालींवर सुका पाला पसरायची. ओलावा जास्त झाला की टपात अळ्या व्हायच्या, त्याही तीच बघायची. सुबोधराव साडेसातला उठून टपाचा फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे, ‘आमचं छोटंसं पाऊल’ असं खाली लिहून. कामाला ‘आपण’ आणि कौतुकाला ‘आम्ही’. व्याकरण बाकी चोख हो माणसाचं.

सुबोधची आई शांताबाई सोफ्यावर बसून सगळं बघायची. एकदा ती लेकाबद्दल मालवणीत सुनेला म्हणाली, “माझ्या झिलान कधी केरसुणी हातात धरूक नाय, आणि आता पृथ्वी झाडतलो.” सुबोधरावांनी ऐकलं आणि हसून सोडून दिलं. स्वतःबद्दल बोललेलं त्यांना सहसा लागत नसे.

मग पाळी आली वॉशिंग मशीनची. वीज खातं म्हणून ‘आपण’ ते बंद केलं. त्याचा पाइप काढला, वर जुनी चादर टाकली आणि त्यावर कचऱ्याचे दोन टप चढवले. तीन माणसांचे कपडे, चादरी, टॉवेल, शांताबाईंची नऊवार लुगडी, सगळं अनुपमाच्या हातावर आलं. दहा-अकरा महिन्यांत उजवं मनगट सुजलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बजावलं, पिळणं एकदम बंद, नाहीतर हात कायमचा जाईल. शाळेत तिच्याच्यानं पेन धरवेना. तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं, “मशीन चालू करा.”

“अगं, स्पर्धा होऊ दे,” सुबोधराव म्हणाले. एका मंडळाची ‘हरित घर’ स्पर्धा होती आणि पहिल्या नंबराचं त्यांनी ऑफिसात सांगूनही ठेवलं होतं. “परीक्षकांना मशीन चालू दिसलं तर काय इज्जत राहील? नंतर आपण बघू.” मग दोरीवरचा शर्ट हातात घेऊन म्हणाले, “ह्या रिठ्यानं कॉलर पिवळट राहते बघ. रविवारी हाच घालायचाय. जरा घासून धू ना.”

ती पट्टा बांधलेल्या हातानं उभी होती. अळ्यांची किळस तिला यायची केव्हाच थांबली होती. त्या दिवशी तिला नवऱ्याची किळस आली. तरी शर्ट तिनं घासला. एकवीस वर्षांची सवय, ती काय एका दिवसात सुटते?

रविवारी सकाळी स्पर्धेच्या परीक्षक म्हणून मालन कांबळे आल्या. पालिकेच्या कचरा खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई, सरळ गॅलरीत गेली आणि तिनं टपात हात घालून बघितलं. खत चांगलं होतं. सुबोधराव मागे उभे राहून पृथ्वीची काळजी वाहत होते.

“रिठे किती वेळ भिजवता?” मालनताईंनी विचारलं.

“दहा मिनिटं,” सुबोधराव म्हणाले. मालनताईंनी मान वर केली तशी ते बायकोकडे वळले. “किती वेळ भिजवतो गं आपण?”

“आपण नाही भिजवत,” अनुपमा म्हणाली. “मी भिजवते. रात्रभर.”

“आणि धुणं?”

“हातानं धुतो आपण, वर्ष होत आलं,” सुबोधराव घाईघाईनं म्हणाले. मालनताईंनी अनुपमाच्या मनगटाचा पट्टा बघितला, मग सुबोधरावांचे गुबगुबीत पंजे बघितले. “तुमच्या हाताला बरं काही झालं नाही साहेब,” असं म्हणून त्यांनी फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला. चहाला थांबल्या नाहीत.

दार लागल्यावर सुबोधराव भडकले. “काय गरज होती मध्ये बोलायची? गेला ना नंबर? वाट लावलीस सगळ्याची. आता मी ऑफिसात काय तोंड दाखवू?”

हाताचं काय झालं, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.

अनुपमा मशीनकडे गेली. डाव्या हातानं एकेक टप सरकवत खाली घेतला. चादर ओढून काढली. शांताबाईंनी न सांगता उठून कपाटामागचा पाइप आणून दिला. तो लावून अनुपमानं आठवड्याचं धुणं आत कोंबलं आणि बटण दाबलं. वर्षभर गप्प असलेलं मशीन घरघरायला लागलं.

“अगं, आपलं ठरलं होतं ना?” सुबोधराव म्हणाले.

“तुमचं ठरलं होतं.”

तासाभरानं मशीन थांबलं. ओले कपडे तिनं बादलीत काढले आणि बादली पायानं सुबोधरावांच्या पुढ्यात सरकवली. “आता आपण वाळत घालूया,” म्हणाली, आणि सासूच्या शेजारी सोफ्यावर जाऊन बसली.

सुबोधराव चादरीचं एक टोक धरून गॅलरीत उभे राहिले. चादर दोरीवरून दोनदा घसरली. शेवटी त्यांनी आत डोकावून विचारलं, “चिमटे कुठे असतात गं?”

“आपण ठेवतो तिथेच,” अनुपमा म्हणाली.