वर्गावर्गातून फिरलेली नोटीस

भोरच्या कॉलेजात मला सगळे मावशी म्हणायचे तेव्हा माझं वय सव्वीस होतं. माझ्याच वयाचे सरसुद्धा "मावशी, पाणी" म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. गाव सोडून इतक्या लांब आल्यावर कुणाची का होईना, मावशी झालेली बरी.

मी उदगीरकडची. हायवे चौपदरी व्हायला लागला तेव्हा आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, रोलर चालवायचे. त्या रोलरच्या मागं मागं आम्ही नसरापूरला आलो आणि तिथून भोरला. माझी शाळा सातवीतच सुटलेली. कॉलेजच्या लायब्ररीच्या नव्या इमारतीचं काम चाललं होतं, तिथं मी विटा वाहायची. भाकरी ज्या कागदात बांधलेली असेल तो कागद जेवून झाल्यावर वाचायची मला सवय होती. एक दिवस एक मॅडम जाता जाता थांबल्या.

"वाचता येतं तुम्हाला?"

"येतं की. हळूहळू."

पंधरा दिवसांत त्यांनी प्राचार्यांशी बोलून मला आत घेतलं. पाणी भरायचं, खोल्या झाडायच्या, नोटीस फिरवायची. नोकरी हंगामी, सहा सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर. ऑर्डर संपत आली की मी रोज ऑफिसात नव्या ऑर्डरीची चौकशी करायची. पण डोक्यावरची पाटी उतरली ती त्या बाईंमुळं, हे मी विसरले नाही. म्हणून तर पुढचं लिहायला जड जातंय.

मॅडमकडं त्या वर्षी मागासवर्गीय कक्षाचं काम आलं होतं. दाखले, शिष्यवृत्त्या, वसतिगृहाची पत्रं, कुणी कुणाला टोचून बोललं तर त्याची तक्रार, हे सगळं त्यात आलं. आधीच्या सरांनी त्या कपाटाची किल्लीच हरवली होती. मॅडमनी कुलूप तोडून घेतलं. रोज पुण्याहून एसटीनं यायच्या, तास घ्यायच्या आणि मग जिन्याखालच्या खोलीत कागद घेऊन बसायच्या. हिर्डोशीच्या एका मुलाच्या दाखल्यासाठी त्या स्वतः तहसील कचेरीच्या बाकावर दिवसभर बसलेल्या मी पाहिल्यात. अशी बाई चुकेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. वेल्ह्याच्या पलीकडं, डोंगराच्या पोटात तिची वाडी. त्या वाडीतून कॉलेजात आलेलं पहिलं माणूस तीच. गावात कॉलेजच्याच दोन मुलींबरोबर एक खोली घेऊन राहायची. तिघींचा एकच स्टोव्ह. नळावर मी पेले धूत असले की विचारायची, "मावशी, आज काय नोटीस? सुट्टी हाय का?" मी म्हणायची, "तुला शिकायला आणलंय का सुट्ट्या मोजायला?" आणि ती हसायची.

नोटीस फिरवायची आमच्याकडं पद्धत होती. जाडजूड नोटीस वही, प्रत्येक पानावर आकडा आणि शिक्का. मी ती घेऊन दारात उभी राहायची, शिकवणारे सर थांबायचे, नोटीस मोठ्यानं वाचायचे, खाली सही करायचे. मग मी पुढच्या वर्गावर.

त्या दिवशीची नोटीस मॅडमच्या हातची होती. शिष्यवृत्तीचे काही फॉर्म अर्धवट म्हणून परत आले होते. मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून मॅडमनी घाईनं नावं उतरवली. ऑफिसच्या तक्त्यात जसं होतं तसंच्या तसं: नाव, जात, काय राहिलंय ते. मी वही उघडूनही पाहिली नाही. वाचता येणारी मी!

पहिल्या वर्षाच्या वर्गात सरांनी वाचायला घेतलं. चौथं नाव तिचं.

"कातकरी. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कातकरी म्हंजी ते खेकडं धरत्यात ते?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "ए, गप बसा," पण तेही गालात हसत होते. ती खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत होती, उघडत होती, पुन्हा दुमडत होती. आणि मी काय केलं? सही झालेली वही घेतली आणि पुढच्या वर्गावर गेले. तिथंही वाचली. मग तिसऱ्या. पाच वर्ग झाले. पाचही दारांत मीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर ती दिसली. पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेवर सुतळीनं बांधलेला तवा.

"तवा कशाला गं बांधलाय?"

"काल खोलीवर गेले तर चपलांजवळ ठेवला हुता. म्हनल्या, तुझं तू येगळं कर." तिचा आवाज नेहमीचाच होता. "दोघींनी माझ्या हातच्या भाकरी चार म्हैनं खाल्ल्या, मावशी. काल एक म्हनली, मला मळमळायला लागलंय."

"अगं, पण परीक्षेचा फॉर्म? पुढच्या शनिवारी शेवटचा दिवस."

"त्यो भरून काय करू? आन् दाखला मागत्यात बापाचा. बाप शाळंत गेलाच न्हाई, तर सोडंल कुठनं?"

नसरापूरची गाडी आली. ती चढली. मी तशीच उभी. परीक्षेचा फॉर्म भरला नाही तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की ही पोरगी परत येणार नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी सातवीत शाळा सुटलेली आहे. एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही, ते मला ठाऊक आहे.

तरी पाच दिवस मी तोंड उघडलं नाही. जिच्यामुळं पोटाला मिळतं तिला तिची चूक दाखवायची? सहाव्या दिवशी चहाचा कप ठेवला आणि मी तिथंच उभी राहिले.

"काय झालं मावशी?"

मी सांगितलं. सगळं, तव्यापर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "पण तो तर ऑफिसचा तक्ता होता. मी फक्त उतरवला." आणि मग बारीक आवाजात, "मोठ्यानं वाचलं? जातीसकट?"

"नोटीस मोठ्यानंच वाचतात की मॅडम."

त्यांनी चष्मा काढला. मॅडमची जात काय, मला आजही माहीत नाही. ती कधी कुणी वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही दोघी निघालो. नसरापूरपर्यंत एसटी, तिथून वेल्ह्यापर्यंत माणसं कोंबून नेणारी वडाप जीप, पुढं पायी. मॅडमच्या एका सँडलचा पट्टा तुटला, तो मी रुमालानं बांधला. वाटेत त्यांनी एकच सांगितलं, "वही घेतलीय ना बरोबर? मी सगळं नीट केलंय." मला धीर आला. मॅडमनी केलंय म्हणजे झालंच.

ती घरासमोर फाटी रचत होती. आम्हाला बघून हातातलं लाकूड तसंच राहिलं. तिची आई बाहेर आली, पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं. मॅडम बसल्या नाहीत.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "फार मोठी. मी ती दुरुस्त करणार आहे. उद्या सगळ्या वर्गांत जाहीर माफी." माझ्या पिशवीतून वही काढून त्यांनी नवं पान उघडलं आणि वाचायला लागल्या. पहिल्याच ओळीत त्या मुलीचं पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत तिची जात वर्गात वाचली गेली याबद्दल कक्ष दिलगीर आहे...

मुलीनं मध्येच विचारलं, "म्हंजी पुन्ना? पाची वर्गात?"

मॅडम थांबल्या.

आई म्हणाली, "बाय, पैल्यांदा चुकून झालं. आता ठरवून करता व्हय?"

मी माणसाचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. मॅडमच्या हातातली वही खाली खाली यायला लागली. सकाळी ते पान मीही वाचलं होतं. या खेपेला हळूहळू, सगळं वाचलं होतं. आणि मला ते चांगलं वाटलं होतं.

मग माझ्या हातानं काय केलं ते मला नंतर कळलं. मी वही ओढून घेतली आणि ते पान टराटर फाडलं. नोटीस वहीचं पान, आकडा असलेलं, शिक्क्याचं! आमच्याकडं पेला फुटला तरी हंगामी माणसाला लेखी द्यावं लागायचं. ते पान मी तिच्या आईच्या हातात कोंबलं. "चुलीत घाला."

मुलगी माझ्याकडं बघत होती. "मावशी, तुमची नोकरी जाईल की."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि लगेच रडायला लागले, कारण जाऊ दे असं मला अजिबात वाटत नव्हतं.

मॅडमनी पेन काढलं. फाटलेल्या पानाच्या उरलेल्या कडेवर लिहिलं, 'मी फाडले', आणि सही केली. निघताना आई म्हणाली, "बघल तिचं ती."

शनिवारी फॉर्मची खिडकी पाचला बंद व्हायची. मॅडमनी दुपारची पुण्याची गाडी सोडली. चार वाजले, सव्वाचार. मी धुतलेले पेले पुन्हा धूत होते. साडेचारला मागच्या फाटकानं कुणीतरी आलं आणि नळाजवळ पत्र्याची ट्रंक टेकली. वर तवा.

"खिडकीपाशी न्हाई जानार मी," ती म्हणाली. "फार्म हितं आना."

"आणि राहणार कुठं?"

"ते कुठं ठरलंय."

मी सुतळी सोडली, तवा घेतला आणि माझ्या डब्याच्या पिशवीत घातला. तो पिशवीत मावेना, निम्मा बाहेरच राहिला. ती बघत होती. मग मी धावत जाऊन फॉर्म आणला. माझ्या मागं मॅडमही खाली आल्या. लिहायला टेकण म्हणून त्यांनी स्वतःची फाईल तिच्यासमोर आडवी धरली आणि तशाच धरून उभ्या राहिल्या.

तिनं नाव लिहिलं. गाव लिहिलं. मग पेन थांबलं. त्या फॉर्मवरही जातीचा रकाना होता.

मॅडम काहीतरी सांगणार होत्या, त्यांचे ओठ हलले. पण त्यांनी ते गिळलं.

मुलीनं रकान्याकडं बघितलं, आमच्या दोघींकडं बघितलं आणि रकान्याच्या बाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं. पेनाचं टोपण लावलं.

"आता मी लिवलंय," ती म्हणाली. "वाचायचं न्हाई."

मॅडमनी मान हलवली. फॉर्म उलटा करून, लिहिलेली बाजू छातीशी घट्ट धरून त्या जिना चढायला लागल्या. पाचला अजून दहा मिनिटं होती.